पावती

रिपोर्ट सात पानांचा.
सहा पानं मी उज्वला खुडेला सांगत नाही.
सातव्यावर एक ओळ आहे,
तनिष्का, वय वर्षे चार:
एका जनुकात एक अक्षर बदललेलं सापडलं.
अर्थ अनिश्चित.

"म्हंजी?"
पोरगी तिच्या मांडीवर झोपलेली,
रात्रीच्या तीन आकड्यांनंतर
ओठाचा कोपरा चावलेला.

म्हणजे, मी सांगू लागते, एक वही असते.
जगभरच्या माणसांच्या रक्तातली अक्षरं
तीत उतरवलेली.
नवं काही दिसलं की वहीत शोधतात,
आधी कुणाला होतं, त्याचं पुढे काय झालं.
"मग शोधा की."
शोधलं. वहीत तुमच्यासारखं कुणी नाही.
"कासेवाडीचं?"
कासेवाडीचं नाही, मार्केट यार्डातलं नाही.
इकडचे मुळातच थोडे,
आणि जे आहेत ते पैसे भरून आत आलेले.

ती हसते.
"पाचवीला सटवाईपुढं कोरा कागद ठेवला हुता,
पेन ठेवलं हुतं.
दत्ता म्हणला, रिफिल तरी चालतीय का बघ.
तिनं लिवलेलं कुणाला वाचता येत न्हाई म्हणत्यात.
तुमच्या मशीनला वाचता आलं
आन् कळलं न्हाई?"

बावीस हजारांची तपासणी.
अर्धे ट्रस्टचे, अर्धे बचत गटाचे,
हप्ता अजून चालू.
मी तिला सांगत नाही
की याच अक्षरावर ठरतं
कुठली गोळी आकडी थांबवेल, कुठली वाढवेल.
नाही, सांगते. हळू आवाजात सांगते.
आणि डॉक्टरांचं वाक्य पुढे जोडते:
सध्याचीच चालू ठेवू, बघत राहू.

गेल्या वर्षी माझ्या भाचीचं रक्त घेतलं. बावधनला.
आई, बाप, मूल, तिघांचं एकाच सकाळी,
एका कार्डावर.
एकोणिसाव्या दिवशी अर्थ लागला, गोळी बदलली.
आता ती सायकल चालवते
आणि पडते,
साधं पडते, गुडघा फुटण्यापुरतं.
हे मात्र उज्वलाला मी खरंच सांगितलेलं नाही.

सांगते ते इतकंच:
तुमचं आणि दत्ताचं रक्त मिळालं
तर कदाचित उलगडा होईल.
संशोधनातून होतं, पैसे नाहीत, फक्त सही.
अकरा पानांचं संमतिपत्र, मराठीत,
अशा मराठीत की मलाच दोनदा वाचावं लागतं.

"मग वहीत आमचं नाव लागंल?"
नाव नाही. आकडा.
"पोरीला आकडी, आमाला आकडा,"
ती पोरीच्या कपाळावरचे केस मागे सारते.
"आन् वही कुणाची?"

पंख्याचा आवाज येत राहतो.

"ताई, तेरा वर्सं कचरा वेचते मी.
काच येगळी, पुठ्ठा येगळा,
दुधाच्या पिशव्या धुऊन येगळ्या.
जुन्या बाजारातला भंगारवाला एक नंबरचा लबाड,
पण काट्यावर घेतो आन् चिठ्ठी देतो.
तुमी रक्त नेणार.
पावती द्या."

फॉर्मात तशी जागा नाही.
टेबलावर औषध कंपनीचं पॅड असतं,
वर त्यांचं हसरं बाळ छापलेलं.
त्याच्याखाली लिहिते:
मिळणार: रक्त, दोघांचे, प्रत्येकी दोन मिली.
आधी मिळालेले: मुलीचे.
देणे बाकी: अर्थ.
मुदत

ती कागद उलटा करून बघते, सुलटा करते.
"शिक्का?"
शिक्का सरांच्या खणात, सर राउंडला.
"थांबते," ती म्हणते,
आणि बाहेरच्या बाकावर जाऊन बसते.
एक तळवा पोरीच्या डोक्याखाली,
दुसऱ्या हातात दत्ताला फोन:
मार्केटातनं सुटला की हिकडं ये,
न्हाई, काय झालं न्हाई, सही करायचीय.

दीड वाजतो. ओपीडीची खिडकी लागते.
ती तिथेच.

मुदतीपुढची जागा कोरी.
पेन चालतंय,
मागच्या कागदावर रेघ ओढून बघितली मी.